माकड छप्परवाला

माझा मेहुणा छपरं दुरुस्त करायचा. जन्मापासूनच कपाळ ते हनुवटी लालभडक डाग. शाळेत पोरं त्याला ‘माकड’ म्हणायची. दुसरा कुणी रडत बसला असता. हा पठ्ठ्या मोठा झाल्यावर दुकानावर पाटीच लावून मोकळा: ‘माकड छप्परवाला’. म्हणाला, “लोक मागून म्हणतात, मी पुढूनच म्हणतो. झाली की नाही बोलती बंद?”

पाटीवरच्या चित्राची तर गंमतच. रंगाऱ्यानं काळं तोंड काढलं आणि ही लांबलचक शेपूट! मेहुणा खालून ओरडला, “अरे शहाण्या, हे वानर झालं! माकडाचं तोंड लाल, अंग भुरकट, शेपूट अंगाच्या निम्मी. पूस आधी!”

“मागची बाजूही लाल करू का?”

“कर. पण माझ्याकडे बघून नको करू.”

छपरावर बसला की तो दिसायचाही तसाच. माकडाच्या गालात पिशव्या असतात ना, घाईघाईनं भरायचं आणि निवांत खायचं, तसे याच्या गालात मूठभर खिळे. जिभेनं एकेक पुढे आणायचा आणि ठोकायचा. लेकही त्याच्याच हाताखाली तयार झाली, त्यामुळे तिचाही गाल कायम फुगलेला.

पुढे तिला स्थळ आलं. मुलगा तिला पसंत होता. मुलाचे वडील लग्न पक्कं करायला दुकानात आले आणि पाटी पाहून म्हणाले, “लग्नाआधी ही उतरवा. आमच्या चार माणसांत शोभत नाही. निदान ‘वानर’ तरी करा, भारदस्त वाटतं.”

मेहुण्याचं तोंड आणखी लाल झालं. “वानर पाला खात झाडावर बसतं, साहेब. माकडाचं तसं नाही. रान, डोंगर, स्टेशन, बाजार, तुमची गच्ची, जिथं पोटाला मिळेल तिथं ते घर करतं. पाण्यात पडलं तर पोहून बाहेर येतं. हाकललं तर उद्या पुन्हा हजर! मी तसाच जगलो. त्यात लाजायचं काय?”

बोलला खरा, पण मग मला बाजूला घेऊन म्हणाला, “भावजी, एका पाटीपायी पोरीचं लग्न मोडलं तर?” आणि पाटीचे नट काढायला पाना घेऊन शिडी चढू लागला. साऱ्या गावाला पुरून उरलेला माणूस!

तेवढ्यात लेक मागच्या छपरावरून उतरली. मी तिला सगळं सांगितलं. ती तावातावानं बोलायला गेली, पण गालात खिळे! नुसतंच “ऊं, ऊं.”

पाहुणे खूश. “बघा, तिचाही होकारच आहे.”

तिनं शांतपणे एकेक खिळा तळहातावर काढला.

“होकार नाही, काका. बाबा, खाली उतरा.”

“अगं, पण मुलगा...”

“त्याला यायचं असेल तर या पाटीखालून येईल. पाटी चांगली उंच आहे, वाकावंही लागणार नाही.”

पाहुणे तणतणत गेले. मुलगा पुन्हा फिरकला नाही. दोन दिवस तिचे डोळे सुजलेले होते. विचारलं की म्हणायची, रंग गेला डोळ्यांत. कारण पाहुणे गेले त्याच संध्याकाळी तिनं रंगाचा डबा उघडला होता आणि शिडी चढून पाटीवर दोन शब्द वाढवले होते: ‘आणि लेक’.

“ओळ तिरकी गेली गं,” बाप खालून म्हणाला. एका हातात शिडी, दुसऱ्यानं डोळे पुसत होता.

“मग शिडी नीट धरा की!”