नगरचा विजयोत्सव आणि पुसलेलं बोट

लढाई संपल्याचा उत्सव नगरच्या मैदानात होणार, पलटणीतल्या शिपायांच्या बायकांना मानानं बोलावलंय, अशी चावडीत दवंडी झाली आणि मी वहिनीला घेऊन कर्जतहून निघालो. दादा ब्रह्मदेशात लढायला गेला होता. वडिलांना, म्हणजे आबांना, चला म्हटलं तर म्हणाले, "माजं गुडघं धरल्यात. तुमी जावा." मला नव्या टोपीत मिरवायचं होतं, मी जास्त आग्रह केला नाही.

जाणाऱ्यांनी भाकरी बांधून घ्यावी. मोटार कोळशाच्या धुरावर चालते, चढ आला की उतारूंनाच ढकलावी लागते, आणि वर भाडं दुप्पट. मिरजगावला चहा मिळाला, तोही गुळाचा. वहिनी वाटभर एकच विचारत होती, "दिवाळीला येत्यात का वो, भावजी?"

मैदानात पताका, बँड, आणि रेशनच्या दिवसांत चक्क जिलबी. मी दोनदा घेतली. कारकून यादीतलं नाव वाचायचा, ती बाई पुढं जायची आणि मामलेदारीणबाई कुंकू लावून तिची ओटी भरायच्या. वहिनी पुढं गेली. बाईंनी करंड्यात बोट बुडवलं, तेवढ्यात कारकून त्यांच्या कानाशी लागला. बाईंनी ते बोट रुमालाला पुसलं आणि वहिनीच्या हातात पांढरं लुगडं ठेवलं.

"धीर धरा. पत्र मिळालंच असेल."

"कसलं पत्र?"

बँड वाजतच होता. मी चिकट हातांनी तसाच उभा राहिलो. दादा गेला हे मला त्या पुसलेल्या बोटावरून कळलं. कारकून म्हणाला, पत्र उन्हाळ्यातच पोचलंय, पोचपावतीवर म्हाताऱ्याचा अंगठा आहे.

परतीची वाट मला आठवत नाही. आबा ओट्यावर बसले होते. वहिनीनं लुगडं त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी पागोट्यातून घडी घातलेला कागद काढला.

"परगावच्या मास्तरकडनं वाचून घेतला, पोरी. तुला सांगायला तोंड हुईना. नगरला नुसती वाजंत्री आसंल म्हणलं."

मला आबांचा भयंकर राग आला, अजून येतो. लोक विचारतात, उत्सव कसा झाला. बँड चांगला होता, एवढंच सांगतो. पुढचं सांगवत नाही, कारण वहिनी तेव्हा आबांना हळूच म्हणाली होती, "रोज सकाळी तुमी माज्या कपाळाकडं बघत बसायचा. मला वाटायचं, सुनेचं कवतिक करत्यात."