ओहोटीच्या वेळेची शर्यत

खांदा कॉलनीत राहायला आल्या तेव्हा अरुंधतीबाई पंचेचाळीस वर्षांच्या होत्या आणि पनवेलच्या एका शाळेत खेळ शिकवत होत्या. ट्रायथलॉन हा शब्द त्यांनी १९८९ साली एका शिबिरात ऐकला. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं, मध्ये टेकायचं नाही. ऐकलं आणि त्यांच्या मनाने घेतलं. नवरा कमलाकर म्हणाले, गुडघे दुखले तर मला सांगू नकोस. गुडघे दुखले, बाईंनी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी पहिल्याच शर्यतीत त्या बायकांत दुसऱ्या आल्या. पण निकालाच्या कागदावर त्यांचं नावच नव्हतं. चाळिशीवरच्या बायकांचा गट नाही, तेव्हा तुम्ही हौस म्हणून धावलात असं समजा, असं टेबलामागच्या गृहस्थांनी त्यांना समजावलं. बाईंनी संघटनेला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. मग त्या चिडून म्हणाल्या, माझं नाव लागत नाही ना, मग जिचं लागेल अशी मुलगी मी तयार करते.

ती मुलगी म्हणजे रंजिता. उरणजवळच्या करंज्याच्या कोळ्याची लेक, अकरावीसाठी कामोठ्याला मामाकडे आलेली. पाण्यात मासळी, पण सायकलवर कधी बसलेली नव्हती. कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यांवर बाई कॅरिअर धरून तिच्यामागे धावायच्या. दोन महिन्यांत चार वेळा ढोपरं फुटली. मामी कुरकुरायची, बाई रोज तिच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. दीड वर्षाने रंजिता चाळीस किलोमीटर सायकल मारून लगेच दहा किलोमीटर पळू लागली.

१९९४ च्या हिवाळ्यात उरणच्या किनाऱ्यावर निवड-शर्यत ठरली. पहिल्या तिघी राज्याच्या संघात जाणार होत्या. बाईंनी भरतीची वेळ पाहिली आणि आदल्या दिवशीच संयोजकांना गाठलं.

"सात वाजता पाणी भरतं. नऊला सुरुवात केलीत तर ओहोटी पोरींना बाहेर ओढेल. सातलाच सोडा."

"पाहुणे नऊला येणार आहेत, बाई," संयोजक म्हणाले.

पाहुणे साडेनऊला आले. शिट्टी वाजली तेव्हा पाणी जोरात उतरत होतं. रंजिता प्रवाह ओळखून तिरकी पोहत होती आणि सर्वांच्या पुढे होती. काठावर बाई घड्याळ धरून तिची वेळ मोजत होत्या. तेवढ्यात मागे पुण्याची एक मुलगी धडपडू लागली. बचावाची होडी दूर होती. रंजिता वळली, मागे गेली, त्या मुलीचा दंड धरून तिला होडीपर्यंत घेऊन गेली आणि मग पुन्हा शर्यतीला लागली. सायकलवर तिने सहा जणींना मागे टाकलं, धावताना आणखी दोघींना. चौथी आली.

बाईंना राग आवरेना. मुलगी वाचली हे त्यांना कळत होतं, तरी तोंडातून निघालंच, "होडी येत होती ना? तू कशाला थांबलीस? दीड वर्षाची मेहनत!"

रंजिता वाळूत बसून पायातला काटा काढत होती. तिने मान वर केली नाही.

"पाण्यात मानूस सोडून आमी पुढं जात नाय, बाई."

आपण काय बोललो हे बाईंना कळलं, पण माफी मागणं जमलं नाही. त्या वळल्या आणि तावातावाने संयोजकांकडे गेल्या. वेळ चुकवली तुम्ही, या मुलीला संघात घ्या, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. नियमात चौथीला जागा नाही, असं उत्तर मिळालं. निदान प्रशिक्षक म्हणून मला संघाबरोबर पाठवा, म्हणजे अशी चूक पुन्हा होणार नाही, असंही त्या म्हणाल्या. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या वर्गाला चाळीसच्या आतलेच घेतात, असं कळलं. तेव्हा बाई पन्नास वर्षांच्या होत्या. त्या हसल्या, आणि ते हसणं पाहून संयोजक दुसरीकडे बघू लागले.

पुढच्या वर्षी शर्यत भरलीच नाही. बारावीनंतर रंजिता करंज्याला परतली आणि आईबरोबर मासळीच्या लिलावात उभी राहू लागली. बाईंनी कॉलनीतल्या आणखी पाच मुलींना शिकवलं. तिघींनी दहावी जवळ आली म्हणून सोडलं. निवृत्तीच्या वर्षी एका शर्यतीत त्यांना पाहुण्यांच्या खुर्चीत बसवून नारळ दिला. बाईंनी नारळ ठेवला, साडीखाली घातलेले बूट घट्ट बांधले आणि शेवटच्या दहा किलोमीटरला मुलींच्या मागोमाग निघाल्या. वेळ कुणी नोंदवली नाही.