पंपावरचा सकाळचा घोट

आमचे बाबा सकाळी उठले की आधी क्रूसाची खूण करायचे आणि मग विहिरीचं पाणी चाखायचे. या दोन गोष्टींच्या मधे चहा, विडी किंवा माझ्या आईचं बोलणं यांतलं काहीही येऊ शकत नसे.

चुडाव्याजवळच्या एका लहानशा स्टेशनावर ते पंप ड्रायव्हर होते, म्हणजे इंजिनांना पाणी पाजणारे. विहिरीचं पाणी वाफेच्या पंपाने उंच टाकीत चढवायचं, टाकीतून ते इंजिनात उतरायचं, आणि इंजिन पूर्णेकडे नाहीतर नांदेडकडे निघून जायचं. विहिरीच्या तळाशी एक मचूळ झरा होता. पाणी खाली गेलं की तो वर डोकावायचा, आणि तसलं पाणी बॉयलरमध्ये गेलं की फेस धरायचा. म्हणून पंप सुरू करण्याआधी बाबा पोहऱ्याने पाणी काढायचे, एक घोट घ्यायचे, डोळे मिटून तोंडात घोळवायचे आणि गिळायचे. गिळल्याशिवाय चव कळत नाही, हे त्यांचं ठाम मत. मी गिळून पाहिलं आहे, थुंकून पाहिलं आहे. मला दोन्ही वेळा ते पाणीच लागलं.

निजामाचं राज्य गेलं, स्टेशनच्या पाटीवरची अक्षरं बदलली, टोपीवरचा बिल्ला बदलला. पंप तोच राहिला आणि घोटही तोच. टाकीतून ओघळणाऱ्या पाण्यासाठी बाबांनी खाली एक दगडी हौद बांधून घेतला होता. उन्हाळ्यात त्यावर आसपासच्या वस्त्यांतल्या बाया यायच्या. कोण कुठल्या आळीतली, हे बाबांनी कधी विचारलं नाही. कुणी अडलेली बाई असली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला असला, तर बाबा स्टेशनमास्तरांना विनवून मालगाडी थांबवायचे आणि गार्डाच्या डब्यातून पेशंटला पूर्णेला पोचवून यायचे. त्या दिवशी आमच्याकडे भाकरी गार व्हायची आणि आई गरम.

आमचं घराणं नगरकडचं, कॅथलिक. इथे आसपास चर्च नव्हतं. रविवारी बाबा आम्हा भावंडांना क्वार्टरमध्ये ओळीने बसवून प्रार्थना घ्यायचे. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतली दोन-चार घरं कधी कधी यायची, त्यांत माझे मामा. फादर वर्षातून एक-दोनदाच यायचे, गाडीने, आणि स्टेशनच्या माल ठेवायच्या खोलीत मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, करायचे. ज्याला तिथे कम्युनियन, म्हणजे फादरांच्या हातून जिभेवर पवित्र भाकरीचा तुकडा, घ्यायचं त्याने आदल्या मध्यरात्रीपासून अन्न तर सोडाच, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा तेव्हाचा नियम. पुढे थोड्याच वर्षांत रोमहून पाण्याला सूट मिळाली; पण मी सांगते आहे ते त्याच्या आधीचं.

विहिरीलगतच्या शेताचे मालक, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, ते यावरून बाबांना चिडवायचे. आमच्या एकादशीला पाणी चालतं, केळं चालतं, भगर तर परातभर चालते, असं म्हणून ते तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवायचे आणि म्हणायचे, "तुमचा देव लय कडक हाय, मिस्तरी. जन्मभर दुसऱ्याला पाणी पाजणाऱ्याला घोटभर पाजंना."

त्या वर्षी माझं पहिलं कम्युनियन होतं. बाबांच्या पहिल्या कम्युनियनला त्यांचे वडील रुळावर कामाला होते, त्यांना रजा मिळाली नव्हती. म्हणून माझ्या शेजारी गुडघे टेकून आपणही कम्युनियन घ्यायचं, हे बाबांनी मी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. वर्षभर त्यांनी पंपाच्या ठोक्यावर माझ्याकडून प्रार्थना पाठ करून घेतल्या. त्यामुळे मला अजूनही प्रार्थना एका विशिष्ट लयीतच म्हणता येतात, आणि चर्चमध्ये शेजारची बाई माझ्याकडे वळून बघते.

त्या सकाळी मी आईच्या जुन्या पांढऱ्या पातळाचा झगा घालून तयार होते. झगा इतका लांब होता की मी चालत नव्हते, सरकत होते. फादर आले होते, मामा आले होते, टेबलावर धुतलेलं धोतर अंथरलं होतं. पण मालगाडी यायची होती, तेव्हा बाबा आधी पंपावर गेले. पोहरा ओढला, घोट घेतला, डोळे मिटले, घोळवलं, गिळलं. "गोड हाय," म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.

हौदावर फक्त आप्पा होते. हा प्रसंग पुढे कित्येक वर्षं त्यांनीच आम्हाला ऐकवला. त्यांना बाबांचा चेहरा बघवेना. ते म्हणाले, "मिस्तरी, मी काय बघितलं न्हाई बगा."

"तुमी बघितलं न्हाई, खरं हाय," बाबा म्हणाले. "पर गिळलं तर मीच ना."

ते सरळ फादरांकडे आले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नियम फादरांनी केलेला नव्हता आणि मोडणं त्यांच्या हातात नव्हतं. मामा पुटपुटले की घोटभर पाणी, न सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं. बाबांनी माझा झगा नीट केला आणि म्हणाले की पोरीचं होऊ द्या, मी मागे उभा राहतो.

आई उठली. माठातून तांब्या भरून घेतला, सगळ्यांदेखत घटाघटा प्याली आणि पदराने तोंड पुसलं. सगळे पाणी पीत आहेत असं समजून मीही हात पुढे केला, तो तिने फटकन खाली केला.

"आता मीबी बाद," ती फादरांना म्हणाली. "ह्यांना मागं उभं करून मी पुढं बसू व्हय? पोरीजवळ बसलो तर दोघं बसू."

फादरांनी तिच्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, आणि त्यांना हसू आलं. ते म्हणाले की आजची मिस्सा बाकीच्यांसाठी; मी मुक्काम करतो, मुलीचं उद्या. नांदेडला त्यांची वाट बघणाऱ्यांना स्टेशनमास्तरांनी तार केली.

पण बाबांचा घोर तिथे संपला नाही. उद्याही मालगाडी होती. न चाखता पंप सुरू करणं म्हणजे इंजिनाला फसवणं, आणि चाखलं की हात-तोंड आपल्या सवयीने चालणार. पोरगी की इंजिन, असा पेच घेऊन ते दिवसभर विहिरीभोवती फिरले. शेवटी आप्पा म्हणाले की उद्याचा घोट मी घेतो, मला कुठं उपास हाय. बाबांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले की तंबाखूने बधिर झालेल्या जिभेला काय चव कळणार.

हे आप्पांना लागलं. त्यांनी कनवटीची तंबाखूची पिशवी काढली आणि आईच्या हातात ठेवली. त्यांच्या घरचे सांगायचे की त्या संध्याकाळी ते बैलावरसुद्धा ओरडले.

दुसऱ्या दिवशी आप्पा अंघोळ करून, टोपी घालून विहिरीवर आले. घोट घेतला. डोळे मिटले. बाबांपेक्षा जास्त वेळ घोळवलं. इतका वेळ की बाबांच्या हाताखालचा खलाशी खोकला. मग गिळलं.

"गोड हाय," ते म्हणाले. "जावा, बसा पोरीपाशी."

खलाशाने पंप सुरू केला. माझ्या एका बाजूला बाबा आणि एका बाजूला आई, दोघांचे ओठ कोरडे. फादर लॅटिनमध्ये म्हणत होते, आणि बाहेरून पंप मला माझा ठोका देत होता. बाबांनी जीभ पुढे केली, डोळे मिटले, आणि मी शेजारून बघितलं तर चेहरा अगदी विहिरीवरचा होता.

मिस्सा संपून आम्ही वळलो तेव्हा आप्पा दारातच उभे होते, आईपुढे हात पसरून.