दाराला अडकवलेला पिवळा कागद

त्या दुपारी आम्ही दोघीच होतो, मी आणि गाड्यांच्या कारखान्यातून कामाची पाळी करून आलेली शेजारीण. नळाला औषधाचा वास आला की आजही तेच आठवतं. इथं अमेरिकेतल्या काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्हा कचेरीसारखीच, तिथल्या माणसानं आमच्या दाराला पिवळा कागद अडकवला होता. मला इंग्रजी येत नाही, मी तो घरामागच्या लाकडी डेकवर पापडांखाली अंथरला. शेजारीण चावी विसरून पायरीवर बसलेली, आल्यागेल्याला द्यावं तसं मी तिला तांब्याभर पाणी दिलं. "थँक्यू, मम्मा," म्हणत गटागट प्याली. संध्याकाळी सुनेनं कागद वाचला. "आई, पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही! तिला सांगून येते." मी म्हटलं, "राहू दे, झोपली असेल." दोन दिवसांनी तिला उलट्या-जुलाबानं हॉस्पिटलात नेलं. बरी होऊन आली ती माझ्यासाठी केक घेऊन. मी तो खाल्ला. आपल्या इथल्या मराठी मंडळातलं कुणी हे वाचत असेल, तर तिला एवढं इंग्रजीत सांगा, की ते पाणी मीच दिलं होतं आणि कळल्यावरही सुनेला सांगू दिलं नाही.