विहिरीतले मासे

ते ताट आठवलं की आजही माझं टाळकं फिरतं.

मंद्रूपकडच्या त्या गावात नारूच्या जंतानं उच्छाद मांडला होता. लोक पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरत. पायाच्या फोडातला नारू पाण्यात पिल्लं सोडी, पाण्यातले बारीक किडे त्या पिल्लांना गिळत आणि पिण्याच्या पाण्यातून किड्यांसकट ती पुन्हा माणसांच्या पोटात जात. सोलापूरच्या दवाखान्यात मी तेव्हा प्रयोगशाळेचं काम बघत होतो. किडे खाणारे मासे विहिरीत सोडून नारू हटतो का, हे मला पाहायचं होतं. भीमेतून मासे घागरींनी वाहून माझ्या खांद्यांची सालटी निघाली. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर किडे खरोखरच कमी होत होते!

मग मुंबईहून वरिष्ठ डॉक्टर पाहणीला आले. पाटलानं आधी जेवायला बसवलं. ताटात तळलेले मासे.

"हे कुठले?" मी विचारलं.

"आपल्याच हिरीतलं की! सायबांसाठी जाळं टाकून समदं काढलं."

मी ताडकन उठलो. "साहेब, हाच माझा प्रयोग होता!"

त्यांनी शांतपणे काटा बाजूला काढला. "दुसरे सोडा. लोकच अडाणी, रोग हटणार कसा?" आणि आणखी एक तुकडी वाढून घेतली.

सकाळी जिच्या पायातला नारू मी हळूहळू ओढून काडीवर गुंडाळला होता, ती बाई लंगडत आली आणि त्यांच्या हातावर पाणी घालू लागली. पाणी त्याच विहिरीचं होतं.