साहेबाचा फोटो आणि माझं धोतर

शाळा मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण भूगोल मला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोणत्या गावी बैलांच्या शर्यतीचा पट कधी भरतो, तिथे जायला कोणता नाला उतरायचा, कोणाच्या घरी उडदाचे वडे चांगले होतात, हे सगळं डोक्यात पक्कं. धान घरात आलं की आमच्या झाडीच्या मुलखातला माणूस घरात राहत नसे. आज या गावचा पट, परवा त्या गावचा. दोन हलके छकडे शेजारी शेजारी सुटायचे, प्रत्येकावर हाकणारा धुरकरी, आणि ज्याची जोडी झेंडीपाशी आधी पोचली तो जिंकला. अट एकच. झेंडीपाशी धुरकरी छकड्यावरच पाहिजे. खाली पडला की जोडी बाद, मग बैल पहिले का येईनात.

मी धुरकरी होतो. चांगला होतो. कोणी नाही म्हणत असेल तर आजही भांडायला तयार आहे.

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्याच गावचा पट होता आणि ब्रह्मपुरीकडची सोयरीक माझ्यासाठी आली होती. मुलगी मी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत लांबून पाहिली होती. तेव्हापासून नांगर धरला तरी तास वाकडं जायचं. तिच्या बापानं निरोप धाडला होता, "पोट्ट्याले घरी बसवून काय पाहू? पटात पाहीन. पसंत पडला तं तुमच्या घरी जेवीन. नाई तं पानी बी न पेता वापस."

माझं सगळं त्या जेवणावर येऊन ठेपलं होतं.

त्याच आठवड्यात जंगलाच्या डाकबंगल्यावर एक विलायती साहेब उतरला होता, वाघ मारायला. चार दिवस मचाणावर बसला, वाघ काही आला नाही. त्याचं सामान माझ्याच बैलबंडीत आलं होतं, म्हणून मी रोज चक्कर टाकायचो. जंगलाच्या नाकेदाराला इंग्रजीचे चार शब्द येत. बाकीचं तो हातवाऱ्यांनी भागवायचा. एक दिवस साहेबानं पेटीतून छापील फोटो काढला. पाच-सहा माणसं जीव खाऊन धावताहेत, अंगात बनियन आणि मांड्या उघड्या टाकणारी चिंधीएवढी चड्डी. त्यातला तिसरा तो स्वतः, तरुणपणचा.

"साऱ्या जगाचे देश एका जागी जमतेत," नाकेदार सांगू लागला, "आन यायचा पट होते."

"बैल कुठी हायेत?"

"बैल नसतेत. मानसंच धावतेत."

"काऊन? मांगं वाघ लागला का?"

नाकेदारानं ते साहेबाला कसं सांगितलं कोण जाणे, पण साहेब खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. मी मात्र गंभीर होतो. एवढे मोठे देश, आणि एकाकडेही धड जोडी नाही! आणि त्या चड्ड्या! "आमच्याकडं असं उघडं कोनी चार लोकांत फिरत नाई," मी ठणकावून सांगितलं. साहेबाला पटाचं आवतनही दिलं. म्हटलं, बिचाऱ्याला खरा खेळ पाहू दे.

पटाच्या दिवशी मी नवं धोतर काढलं. पांढरंशुभ्र, लांब सोग्याचं. वहिनी चुलीपाशी वड्यांची डाळ वाटत होती. तिनं पाहिलं मात्र.

"भाऊजी, हे नेसून छकड्यावर चढून राह्यले का? जुनं नेसा, काष्टा आवळून."

"मुलीचा बाप येऊन राह्यला. त्याले का चिंधी दाखवू?"

"चाकात जाईन ना तो सोगा!"

"जाऊ दे." मी एकदा म्हटलं की म्हटलं.

मैदानावर ही गर्दी! झाडांवर माणसं, बंड्यांवर बाया. मुलीचा बाप त्याच्या रेंगीच्या, म्हणजे माणसं बसायच्या छोट्या गाडीच्या, जुवावर बसला होता, पांढऱ्या मिशा, तोंडावरची माशीही हलू न देणारा. मुलगी मागं, पदर दातात धरून. झेंडीपाशी नाकेदार आणि गळ्यात घड्याळ अडकवलेला साहेब.

जोड्या सुटल्या. अहाहा! माझा तांबडा आणि पांढरा असे उसळले की पोटातला घास टाळूला लागला. अर्ध्यात मी पुढं होतो. लोक ओरडत होते, मी ओरडत होतो, आणि तेवढ्यात कंबरेला असा हिसका बसला की वाटलं कोणी मागून ओढलं. सोगा चाकात गेला होता. चाक फिरत होतं आणि मी भोवऱ्यासारखा सुटत होतो. एक वेढा, दोन वेढे, आणि मी जमिनीवर.

पण हातातला कासरा मी सोडला नाही. थोडा फरफटलो, मग पाय लागले, आणि बैलांच्या बरोबरीनं धावत सुटलो. अंगात सदरा, खाली लंगोट. मागं चाकाला गुंडाळलेलं नवं धोतर पताकेसारखं फडफडत होतं. हजार माणसं हसत होती. झेंडी आम्ही तिघांनी बरोबरच ओलांडली, तांबडा, पांढरा आणि मी.

"जोडी बाद!" पंच ओरडले.

साहेब मात्र घड्याळ नाचवत आला आणि माझा हात हलवून हलवून उपटायचाच बाकी ठेवला. "साहेब म्हनते, तुले त्यायच्या देशात धावाले नेतो," नाकेदार म्हणाला.

"मी बैलाबिगर कुठी येत नाई," मी म्हटलं. कोणीतरी दिलेला दुपट्टा गुंडाळून मी रेंगीपुढं जाऊन उभा राहिलो. मुलीचा पदर तोंडात कोंबलेला, खांदे हसण्यानं गदगदा हलत होते. बाप जुवावरून उठला, रेंगीला बैल जुंपायला निघाला. म्हणजे पाणीही न पिता वापस.

तेवढ्यात नाकेदार तो फोटो घेऊन धावत आला. "पाहा ना भाऊ! जगातले मोठेमोठे असेच धावतेत. याच्यात लाज नाई."

बापानं फोटो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"यायच्या हाती कासरा कुठी हाये?"

"कासरा नसते जी. रिकाम्या हातानंच धावतेत."

"रिकाम्या हातानं कोनी बी धावन." त्यानं फोटो परत दिला. माझ्या सोललेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग बैलांकडे. जुंपायला धरलेला बैल सोडला, खुंट्याला बांधला आणि मिशीवर हात फिरवला.

"वडे झाले का जी?"

त्या दिवशी त्यानं अकरा वडे खाल्ले. फोटो साहेब जाताना मला देऊन गेला. अजून भिंतीला आहे. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवते आणि सांगते, बाबा कासऱ्यासाठी थोडेच थांबले, वहिनीच्या वड्यांचा वास मैदानापर्यंत येत होता.

साफ खोटं आहे. वारा त्या दिवशी उलट्या बाजूचा होता.