हिरवा खडू

नगरहून श्रीगोंद्याला येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पंचविशीची असेल. मांडीवर जाड वही होती आणि वहीत चौकटी आखून स्वतःच्या लहानपणाची गोष्ट चित्रांत काढलेली. गाडी थांबली की ती रंग भरायची, सुटली की खडू मुठीत धरून बसायची.

मी वाकून बघतोय हे पाहून तिनंच वही पुढं केली. तिच्या गावाकडची पानं सगळी मातकट, उघड्या माळाची. मग उसाचं पान आलं, गच्च हिरवं.

"हे पान आनंदाचं दिसतंय," मी म्हणालो. आमचं घर उसावरच उभं राहिलेलं. हिरवं म्हणजे बरकत, एवढंच मला ठाऊक.

"न्हाई काका. दिवाळी झाली की आई-बाप तोडनीला इकडं यायचे. मला बांधावर बसवून उसात शिरायचे, ते दिसायचेच न्हाईत. हिरवं म्हंजी भ्या. मातीचा रंग म्हंजी घर."

"वाचणाऱ्याला कसं कळणार?"

"पुस्तक छापनारे सर बी हेच म्हनले, रंग बदला म्हनून. मी न्हाई बदलनार. पहिल्या पानापासनं वाचलं की कळतंय."

गाडी थांबली. तिनं बोटभर उरलेला हिरवा खडू उचलला आणि रंगवलेलाच ऊस पुन्हा दाबून रंगवला, बांधावरच्या पोरीच्या पायांपर्यंत.

मी मळ्यापाशी उतरलो. आमच्या उसाची तोडणी चालू होती. बांधावर कुणाचं पोर बसलंय का, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.